सत्तेचाळीस नंबरची बस

नमस्कार श्रोतेहो.

१३ नोव्हेंबर १९६७ची रात्र. स्टॉकहोममध्ये धो धो पाऊस कोसळतोय. शहरातले पोलीस अमेरिकन दूतावासासमोर, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाला आलेल्या पोरांना बडवण्यात गुंतलेत. खून पथकाचा मार्टिन बेक मात्र कोलबर्ग या सहकाऱ्याच्या घरी बुद्धिबळाचा डाव मांडून बसलाय. आणि तिकडे शहराच्या वेशीवर सत्तेचाळीस नंबरची लाल दुमजली बस रस्ता सोडून कुंपणावर जाऊन आदळते. आत ड्रायव्हर धरून नऊ जण. सगळ्यांवर सबमशीनगनमधून गोळ्या झाडलेल्या. आठ जागीच खलास, एकाची धुगधुगी शिल्लक. मेलेल्यांमधला एक तरुण बेकच्या हाताखालचा, खून पथकातलाच निघतो. त्याचं नाव ऑके स्टेनस्ट्रोम.

माय श्योवाल आणि पेर वाहलो या स्वीडिश जोडप्याच्या 'द लाफिंग पोलिसमन' या कादंबरीची ही सुरुवात. मूळ स्वीडिश पुस्तक १९६८चं. इंग्रजीत आल्यावर १९७१ साली त्याला अमेरिकेतल्या रहस्यकथाकारांच्या संस्थेचा एडगर पुरस्कार मिळाला. मार्टिन बेक मालिकेतलं हे चौथं पुस्तक. १९६५ ते १९७५ या काळात एकूण दहा पुस्तकं झाली आणि प्रत्येकात बरोबर तीस प्रकरणं. मुलं झोपली की दोघं लिहायला बसायची, एक प्रकरण त्याचं, एक तिचं. तीनशे प्रकरणांची एकच मोठी कादंबरी लिहायची, असं सुरुवातीपासूनच ठरलेलं होतं.

तीच गोष्ट मला आज तुमच्यापुढे ठेवायची आहे. एकट्या रहस्यकथेत खून झालेला माणूस बहुतेक वेळा परकाच असतो. पहिल्या पानावर तो मरतो, आपण हळहळतही नाही, लगेच कोणी मारलं याच्या मागे लागतो. इथे तसं होत नाही. स्टेनस्ट्रोम वाचकाला आधीच्या पुस्तकांतून माहीत असतो. पथकातला सगळ्यात लहान, पाळत ठेवण्यात तरबेज, पण तोंडी लावण्यापुरताच. त्याच्याकडे आपण कधी नीट पाहिलेलंच नसतं. आणि बेक, कोलबर्ग यांचीही गत तीच. रोज शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या या पोराबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं, हे तो मेल्यावर त्यांच्या ध्यानात येतं. वाचकाला आणि पोलिसांना एकाच वेळी एकच टोचणी लावणं मालिकेशिवाय जमत नाही.

तपासाचा पहिला धागाही त्यातूनच निघतो. स्टेनस्ट्रोमची मैत्रीण ओसा तोरेल सांगते, गेले काही आठवडे त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, रात्रंदिवस कामावर असायचा. कोलबर्ग ऐकून गप्प होतो, कारण त्या दिवसांत पथकाकडे मुळी कामच नव्हतं. मग हा रोज जायचा कुठे? त्या बसमध्ये, शेजारी एक तरुण नर्स, असा कशाला बसला होता? बाहेर काही भानगड? प्रश्न तर सगळ्यांच्या मनात, विचारायची मात्र सगळ्यांनाच लाज. मेलेल्या सहकाऱ्याचे ड्रॉवर उपसायची वेळ येते तेव्हाची कोलबर्गची कुचंबणा वाचण्यासारखी आहे. गोळीबाराचा प्रसंग मला धूसर आठवतो, तो ड्रॉवर मात्र लख्ख आठवतो.

पुढचं सगळं काम कंटाळवाणं, आणि लेखकांनी ते कंटाळवाणंच ठेवलंय. एकेक माणूस एकेक मृताच्या मागे लागतो. हा कोण, कुठून बसला, कुठे चालला होता. एकाचा चेहराच उरलेला नाही, त्याची ओळख पटेना. जो जिवंत सापडला त्याच्या उशाशी रोन नावाचा पोलीस टेपरेकॉर्डर घेऊन ताटकळत बसतो. तो माणूस क्षणभर शुद्धीवर येतो, दोन प्रश्नांना दोन उत्तरं देतो आणि प्राण सोडतो. उत्तरं अशी, की कुणाला ओ की ठो कळत नाही. सगळे जण ती टेप पुन्हा पुन्हा ऐकतात. तिचा अर्थ इथे फोडत नाही.

बसपाशी सगळ्यात आधी कोण पोचतं? तर क्रिस्टियान्सन आणि क्वांत, कामचुकारपणात एकमेकांना हार न जाणारी गस्तीवरची जोडी. दोघं आत शिरून असे काही वावरतात की पायांचे ठसेबिसे सगळे पुसून जातात. मग गुनवाल्ड लार्सन नावाचा पोलीस अधिकारी येतो आणि दोघांची बिनपाण्याने करतो. इतक्या रक्तपातात हसू आणायला हिंमत लागते.

श्योवाल आणि वाहलो दोघंही डाव्या विचारांचे. १९६५ साली स्वीडनमधली नगरपालिकांच्या ताब्यातली पोलीस दलं सरकारने आपल्याकडे घेतली, देशभर एकच दल झालं, आणि मालिकेचं पहिलं पुस्तकही त्याच वर्षीचं. पोलीस जनतेपासून तुटत चाललेत, कल्याणकारी राज्याचा नुसता मुलामा उरलाय, हे त्यांचं म्हणणं पुस्तकागणिक चढ्या आवाजात येत गेलं. शेवटच्या काही पुस्तकांत तर गोष्ट थांबवून भाषण दिल्यासारखं वाटतं. या चौथ्या पुस्तकात मात्र तोल सांभाळलेला आहे. मोर्च्यावरच्या पोलिसांची गर्दी आणि बसपाशी पोलिसांचा दुष्काळ एवढं शेजारी शेजारी ठेवलं, की वेगळं बोलावं लागत नाही.

खटकणारी गोष्टही सांगायला हवी. बसच्या धाग्यावरून तपास सोळा वर्षांपूर्वी झालेल्या एका पोर्तुगीज बाईच्या न सुटलेल्या खुनापर्यंत जातो. त्या बाईच्या लैंगिक वागण्यावर पुस्तकात एक वैद्यकीय शिक्का मारलाय आणि पानोपानी तोच उगाळलाय. एरवी इतक्या बारीक नजरेचे हे लेखक तिच्यापाशी आले की नजर फिरवतात. आज वाचताना ते फार टोचतं.

ओसा तोरेलच्या बाबतीत मात्र त्यांनी हात आखडता घेतलेला नाही. दुसऱ्या लेखकाने तिला रडवून पुढच्या पानावर सोडून दिलं असतं. इथे ती पुढच्या पुस्तकांत परत येते, तीही पोलिसाच्या गणवेशात.

१९७३ साली या कादंबरीवर हॉलिवूडने चित्रपट काढला. स्टॉकहोमचं सॅन फ्रान्सिस्को झालं, मुख्य भूमिकेत वॉल्टर मॅथाऊ. बस आहे, गोळीबार आहे, चित्रपट बघायलाही बरा आहे. पण त्यात मेलेला पोलीस प्रेक्षकाला पहिल्यांदाच भेटतो, आणि पुस्तकातली अर्धी मजा तिथेच जाते.

म्हणून वाचायला घेणार असाल तर थेट या पुस्तकावर उडी मारू नका. 'रोझॅना' या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करा, मग दुसरं, मग तिसरं. एकेक पुस्तक छोटं आहे, सुट्टीच्या दोन दिवसांत सहज हातावेगळं होतं. आणि वाचताना त्या पथकातल्या धाकट्या पोराची वाक्यं घाईघाईत ओलांडू नका.

नमस्कार.