कंटेनरमधला पाऊस

श्रोतेहो, नमस्कार. नागपूरला समुद्र नाही, पण शेंगदाण्याचा समुद्रप्रवास इथेच ठरतो. अजनीच्या डेपोत नाहीतर आपल्या गोदामाच्या दारात, कंटेनर भरला जातो त्या दिवशी. परदेशात दार उघडल्यावर वरच्या थरातली पोती ओली, काळपट दिसली की लोक म्हणतात, समुद्राचं पाणी शिरलं. बहुतेक वेळा ते पाणी आपल्याच दाण्यातलं असतं.

हिशेब करून बघा. वीस फुटी कंटेनरमध्ये 50 किलोची 380 पोती बसली, म्हणजे 19 टन दाणे झाले. ओलावा 7 टक्के धरला तरी 1,330 लिटर पाणी सोबत निघालं. ओलावा 8 टक्के असला तर आणखी 190 लिटर. दिवसा पत्रा तापतो, दाणे वाफ सोडतात. रात्री पत्रा गार पडला की ती वाफ छताला थेंब होऊन चिकटते आणि खालच्या पोत्यांवर टपकते. डिसेंबरात न्हावाशेवाहून निघालेला उबदार माल जानेवारीच्या थंडीत रॉटरडॅमला पोचतो, तेव्हा तर डब्यात पाऊसच पडतो.

ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या जरूर टांगा. पण किलोभराची एक पिशवी फार तर दोन-तीन लिटर पाणी ओढते. आठ पिशव्यांनी वीसेक लिटर. 190 लिटरपुढे ते काय पुरणार? वाळवणीची कसर पिशवी भरून काढत नाही.

तेव्हा सोललेले दाणे 7 टक्क्यांच्या आत आणि टरफलासकट शेंगा 9 च्या आत हव्यात. सरासरीवर विसंबू नका. वेगवेगळ्या पोत्यांच्या पोटातून दाणे काढून मीटरवर तपासा. आपला उन्हाळी भुईमूग मे-जूनमध्ये निघतो आणि नेमका पावसात सापडतो. ताडपत्रीखाली ढीग लावलेल्या शेंगा वरून खडखडीत वाटतात, आत दमट असतात. तिथेच अस्परजिलस बुरशी धरते आणि अफलाटॉक्सिन तयार होतं. थेट खाण्याच्या दाण्यांसाठी युरोपची मर्यादा किलोला 4 मायक्रोग्रॅम आहे, त्यातही बी-वन प्रकार 2 च्या आत. हे विष मालात सारखं पसरलेलं नसतं, मूठभर दाण्यांत साठलेलं असू शकतं. म्हणून तिथे मोठ्या लॉटमधून 100 ठिकाणचे दाणे मिळून 20 किलोचा नमुना घेतात. आपण एका पोत्यातून किलोभर काढून खूश झालो, तर फसणार आपणच. सुरकुतलेले, फुटके, डागाळलेले दाणे आधीच निवडून काढा.

आता रिकामा कंटेनर. एकाने आत जावं, दुसऱ्याने दारं लावावीत. आत उजेडाचा ठिपका दिसला तर तो कंटेनर परत पाठवा. मग वास घ्या. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, त्यामुळे मासळीचा किंवा रसायनाचा वास ते लगेच धरतात. लाकडी तळ ओला असेल, नुकताच धुतलेला असेल, तरी नकोच. तळाला आणि भिंतींना क्राफ्ट, म्हणजे जाड तपकिरी कागद लावा, वरच्या थरावरही अंथरा. छताखाली जागा मोकळी सोडा. जहाज कंपनीला लिहून सांगा, माल डेकच्या खाली ठेवा, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर. उष्णतेने दाणे खवट होतात.

जहाजाच्या पोटात माल कंटेनरशिवाय, सुटा भरला असेल तर हवा खेळवता येते. मात्र बाहेरची हवा भरतीच्या वेळच्या मालापेक्षा निदान 3 अंशांनी थंड असेल तेव्हाच. नाहीतर बाहेरचाच दमटपणा आत येतो. कंटेनरला हवेसाठी ठेवलेल्या बारीक छिद्रांनी अशी हवा खेळत नाही.

धुरी देताना अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या 3 ग्रॅमच्या गोळीतून 1 ग्रॅम फॉस्फिन हा विषारी गॅस निघतो. किडे मरतात, अफलाटॉक्सिन तसंच राहतं. गोळ्यांना पाणी लागू देऊ नका, हे काम परवानाधारकाचंच. दारावर इशाऱ्याची पाटी आणि धुरीची तारीख हवी. पोचल्यावर दारं उघडून वारा खेळू द्यावा, गॅस मीटरने मोजावा, मगच हमालाने आत पाय टाकावा. वास आला नाही म्हणजे गॅस नाही, असं धरू नका. सुट्या मालाच्या बंद कप्प्यात तर प्राणवायूही कमी झालेला असतो, तिथे मीटरवर तोही बघून घ्या.