पुशरॉडवरची खडूची रेघ

हवेच्या ब्रेकच्या ट्रकमध्ये चाकाच्या आतल्या बाजूला डब्यासारखा दिसतो, तो ब्रेक चेंबर. पेडल दाबलं की त्यात हवा भरते, रबरी पडदा पुढे सरकतो आणि पुशरॉड, म्हणजे ब्रेक लावणारा दांडा, बाहेर ढकलला जातो. टाइप 30 चेंबरच्या पडद्याचं क्षेत्रफळ साधारण 30 चौरस इंच, म्हणजे 100 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाच्या हवेला रॉडवर 3,000 पौंडांचा जोर. रॉडची धाव, म्हणजे तो बाहेर येतो ते अंतर, मर्यादेत आहे तोवरच हा जोर मिळतो. पडदा टोकाला जाऊन टेकला, की कितीही हवा सोडली तरी चाक पकडलं जात नाही.

धाव मोजायला खडू आणि पट्टी पुरते. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, मगच पार्किंग ब्रेक सोडा. टाकीत 90 ते 100 पीएसआय हवा ठेवून इंजिन बंद करा. रॉड चेंबरमधून बाहेर येतो तिथेच रेघ ओढा. आता दुसऱ्या माणसानं पेडल पूर्ण दाबून धरायचं. रेघ चेंबरपासून जितकी लांब गेली, तितकी धाव. अमेरिकी नियमांत साध्या टाइप 30 चेंबरला 2 इंचांची मर्यादा आहे, लाँग स्ट्रोकला, म्हणजे जास्त धावेच्या चेंबरला, अडीच. त्यामुळे चेंबर कोणता, हे आधी ओळखावं लागतं.

हे माप थंड ड्रमचं, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ज्या भांड्याला आतून ब्रेक घासतो त्याचं. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, लायनरपासून (घासणाऱ्या अस्तरापासून) दूर जातो आणि धाव आणखी वाढते. उभ्या ट्रकवर काठावर पास झालेला ब्रेक उतारावर कमी पडतो, तो याचमुळे.

धाव जास्त आली की ऑटोमॅटिक स्लॅक ॲडजस्टरला (पुशरॉड ब्रेकला जोडणारा आणि धाव आपोआप जुळवणारा भाग) पाना लावून ती कमी करायची, ही सवय फार घातक आहे. ॲडजस्टर आपोआप जुळत नसेल, तर दोष क्लेव्हिस पिनच्या (पुशरॉड ॲडजस्टरला जोडणाऱ्या खिळीच्या) झिजेत असतो, एस-कॅमच्या (ब्रेक ड्रमवर दाबणाऱ्या एस आकाराच्या दांड्याच्या) सैल बुशिंगमध्ये असतो, चुकीच्या बसवणीत असतो किंवा ॲडजस्टरच गेलेला असतो. पाना फिरवल्यावर तपासणीच्या फॉर्मवर 'ठीक' लिहिलं जातं. मूळ दोष तसाच राहतो आणि काही दिवसांत धाव पुन्हा वाढते.

मागच्या दुहेरी चेंबरची, म्हणजे ज्यात पार्किंग ब्रेकची स्प्रिंगही असते त्याची, क्लॅम्प मात्र जागेवर कधीच खोलू नका. आतली दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते.

अमेरिकेत ड्रायव्हरनं नोंदवलेला सुरक्षेचा दोष ट्रक पुन्हा निघण्याआधी दुरुस्त करून तसं सहीनिशी लिहावं लागतं आणि पुढचा ड्रायव्हर ते वाचून सही करतो. त्या नोंदीत नुसतं 'ब्रेक केले' लिहून त्याला काही कळत नाही. नोंद अशी लिहा: मागचा एक्सल, डावी बाजू, धाव सव्वादोन इंच, क्लेव्हिस पिन बदलली, पुन्हा मोजली, दीड इंच.