वाफ निवण्याच्या आत

(दृश्य : सकाळ. पुण्यातील एका सदनिकेचे स्वयंपाकघर. पूर्वेच्या खिडकीतून ओट्यावर उन्हाची तिरपी पट्टी पडली आहे. कढई अजून रिकामी आहे.)

सकाळचे पावणेनऊ वाजले आहेत. पोहे भिजवलेले नाहीत, कांदा चिरलेला नाही, गॅसही पेटलेला नाही. तरीही आजच्या छायाचित्राचे निम्म्याहून अधिक काम उरकलेले आहे. खिडकीपासून दोन हातांवर एक पाट मांडला आहे, त्यावर इस्त्री केलेला सुती पंचा अंथरला आहे आणि पंच्यावरच्या बशीत, जिथे थोड्या वेळाने कांदेपोहे येणार आहेत तिथे, एक पिवळा रुमाल चुरगळून ठेवला आहे. चमचा कोणत्या बाजूला, लिंबाची फोड बशीत की बशीबाहेर, मागे चहाचा कप दिसू द्यायचा की नाही, हे सगळे त्या रुमालाला पोहे मानून ठरते आहे. मोबाइल स्टँडवर बसवला आहे. स्टँड म्हणजे एकावर एक रचलेले डाळीचे दोन डबे आणि त्यांना टेकवलेला लाकडी पोळपाट.

ही सगळी खटपट आधी करण्याचे कारण पोह्यांच्या स्वभावात आहे. कढईतून बशीत आल्यावर पहिली चार-पाच मिनिटे त्यांचा दाणा मोकळा आणि ओलसर दिसतो. नंतर तो सुकू लागतो, वरची कोथिंबीर खालच्या उष्णतेने मान टाकते आणि ओल्या नारळाचा पांढरेपणा हळदीला लागून मळतो. चौकट जुळवायला जर याच चार-पाच मिनिटांतली तीन खर्ची पडली, तर छायाचित्र थंड पोह्यांचेच येणार. म्हणून जे थांबू शकते ते सगळे आधी मांडायचे आणि जे थांबू शकत नाही ते सर्वांत शेवटी आणायचे, हाच या घरातल्या छायाचित्रणाचा शिरस्ता आहे.

छायाचित्रणाच्या पहिल्या पिढीला तर दुसरा इलाजच नव्हता. इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४४ ते १८४६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात एक चित्र फळांचे आहे : दोन टोपल्या आणि त्यांतल्या फळांत डोके वर काढून बसलेला अननस. त्या काळी चित्र उमटायला बराच वेळ लागे आणि अननसाला घाई नसते. आजचा मोबाइल क्षणाच्या शतांशात चित्र टिपतो, पण आपल्या बशीत अननस नाही, गरम पोहे आहेत.

(दृश्य : खिडकीवर पांढऱ्या मलमलीचे कापड सरकते. ओट्यावरची कडक सावली विरघळते.)

घरात प्रकाशाचे सर्वांत चांगले साधन म्हणजे खिडकी, आणि तिच्यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. मात्र खिडकीतून थेट आलेले ऊन पदार्थाला मानवत नाही. ते शेंगदाण्याची वरची बाजू पांढरीफटक करते आणि खालची काळी. तेच ऊन मलमलीच्या कापडातून किंवा बटर पेपरमधून गाळून घेतले की खिडकीएवढा मोठा, मऊ दिवा हाती येतो. हा प्रकाश पदार्थाच्या बाजूने किंवा किंचित मागून यावा, छायाचित्र काढणाऱ्याच्या पाठीमागून कधीही नाही. कारण समोरून सपाट पडलेल्या प्रकाशात पोह्यांचा ढीग रंगवलेल्या कागदासारखा दिसतो. बाजूने आलेल्या प्रकाशात प्रत्येक दाण्याला स्वतःची छोटी सावली मिळते. ती सावली फारच गडद झाली तर खिडकीच्या समोरच्या अंगाला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा उभा करावा. चित्रात गांभीर्य हवे असेल, झणझणीत काळ्या रश्श्यासाठी ते हवेच असते, तर त्याच जागी काळा कार्डपेपर ठेवावा; सावल्या आपोआप खोल होतात.

उत्तरेकडची खिडकी उत्तम, तिच्यातून थेट ऊन येत नाही, असे छायाचित्रणाच्या शिकवणीत नेहमी सांगितले जाते. हा सल्ला आपल्यापेक्षा पुष्कळ उत्तरेकडच्या थंड देशांत जितका खरा ठरतो, तितका महाराष्ट्रात ठरत नाही. मार्चच्या अखेरपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो. पुण्याच्या अक्षांशावर तर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्यही डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो. म्हणून या महिन्यांत उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळी ऊन डोकावते. आपल्या घरातली कोणती खिडकी कोणत्या महिन्यात किती वाजता मऊ उजेड देते, हे एखादा आठवडा नुसते पाहून ठेवणे कोणत्याही ठोकळ नियमापेक्षा अधिक उपयोगी पडते. पावसाळ्यात आभाळच मलमलीचे काम करते. प्रकाश कमी असतो, त्यामुळे मोबाइल हातात धरला तर चित्र हलते; तो टेकवून, तीन सेकंदांचा टायमर लावून घेतले की काम भागते.

एक बटण मात्र आठवणीने बंद करावे लागते, ते म्हणजे स्वयंपाकघरातल्या दिव्याचे. खिडकीचा उजेड निळसर पांढरा असतो आणि घरातले पुष्कळ बल्ब पिवळे असतात. दोन्ही एकाच ताटावर पडले की भाताची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी दिसते. मग मोबाइलमधली कोणतीही दुरुस्ती दोन्ही बाजूंना एकदम लागू पडत नाही. रंग बरोबर आला की नाही हे तपासण्याचे साधन मराठी ताटात तयारच असते. भात पांढरा दिसला, तर वरणही वरणाच्या रंगाचे दिसते.

(दृश्य : चाळणीत उकडीचे मोदक. मोबाइलच्या पडद्यावर ते राखाडी दिसतात, मग हळूहळू उजळतात.)

पांढऱ्या पदार्थांचा आणखी एक घोळ आहे. कॅमेऱ्याला समोर मोदक आहे की कोळसा, हे नेहमीच कळते असे नाही. तो चौकटीतला सगळा उजेड मध्यम करड्या छटेकडे आणू पाहतो. म्हणून पांढऱ्या कापडावर ठेवलेले उकडीचे मोदक मळकट येतात, आणि काळ्या कडप्प्यावरची काळ्या वाटाण्याची आमटी उगाच फिकी येते. मोबाइलच्या पडद्यावर मोदकावर बोट टेकवून शेजारी उमटणारे सूर्याचे चिन्ह वर सरकवले की मोदक पुन्हा पांढरा होतो. आमटीसाठी तेच चिन्ह खाली आणायचे. मोदकाचे सौंदर्य त्याच्या पाकळ्यांत असते, म्हणून तो वरून टिपण्यात हशील नाही. मोबाइल मोदकाच्याच उंचीवर आणावा आणि प्रकाश एका बाजूने येऊ द्यावा. उकड हवेत उघडी राहिली की सुकून तडकते. बोटाने लावलेला साजूक तुपाचा पातळ हात तिला चमकही देतो आणि थोडा वेळही मिळवून देतो.

पोळी, थालीपीठ, भरलेले ताट असे पसरट पदार्थ वरून बघावेत. भाकऱ्यांची चवड किंवा लाडवांची रास समोरून बघावी. वाटी-वाडग्यातले पदार्थ आपण जेवायला बसल्यावर जसे दिसतात तसे तिरपे बघावेत. मोबाइल पदार्थाच्या फार जवळ नेला तर त्याच्या रुंद भिंगामुळे गोल ताटली अंड्यासारखी ताणली जाते; दोन पावले मागे सरून दुप्पट झूम केले की ती पुन्हा गोल होते.

(दृश्य : स्टीलचे ताट. त्यात पंखा, खिडकी आणि छायाचित्रकाराचा हात, तिन्ही दिसतात.)

आपल्या घरांतली खरी परीक्षा स्टीलची आहे. घासूनपुसून लख्ख केलेले ताट म्हणजे आरसाच. वरून छायाचित्र काढावे तर त्यात छताचा पंखा फिरताना दिसतो. यावर उपाय ताट लपवण्याचा नाही, आरशाला दाखवायला काहीतरी बरे देण्याचा आहे : ताटाच्या वरच्या अंगाला पांढरी चादर ताणून धरली की पंख्याच्या जागी स्वच्छ पांढरी झळाळी येते. अलीकडे अशा चित्रांसाठी मातीची आणि खडबडीत दगडी भांडी विकत आणण्याची चाल पडली आहे. ती सुंदर दिसतात, यात शंका नाही. पण ज्या घरात रोज स्टीलच्या वाटीत आमटी वाढली जाते, त्या घराच्या चित्रात स्टीलची वाटी असण्यात कमीपणा कसला? पितळी ताट वापरायचे असेल तर कल्हई पाहून घ्यावी. सोलकढी, ताक, चिंचेची आमटी कल्हई नसलेल्या पितळेत ठेवणे चित्रापुरतेही योग्य नाही, कारण चित्र झाल्यावर ते कोणीतरी पिणार आहे.

आता पूर्ण ताट. येथे छायाचित्रकाराने थोडे मागे राहिलेले बरे, कारण या चौकटीची मांडणी त्याच्या जन्माच्या पुष्कळ आधी ठरून गेली आहे. वर मध्यभागी मीठ. त्याच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजव्या हाताला भाजी, उसळ, आमटीची वाटी. आणि समोर भाताची मूद, तिच्यावर वरण, वरणावर तूप. जे थोडे थोडे तोंडी लावायचे ते डावीकडे आणि जे पोटभर खायचे ते उजवीकडे, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यात रंगांचा तोलही बसतो : हिरवी चटणी, पांढरी कोशिंबीर आणि लालभडक लोणचे एका बाजूला लहान लहान ठिपक्यांसारखी येतात, तर दुसऱ्या बाजूला भाजी-आमटीचे मोठे, गडद आकार. चित्रात उजवी बाजू रिकामी वाटते म्हणून लिंबू तिकडे नेणारे छायाचित्रकार मी पाहिले आहेत. ज्याने आयुष्यभर पंगतीत जेवण केले आहे, त्याला ते चित्र पाहताच खटकते, जरी काय खटकले हे त्याला लगेच सांगता आले नाही तरी.

हीच चूक नकळतही होते. ताटाच्या पलीकडच्या बाजूला उभे राहून चित्र घेतले तर ताट उलटे होते. चित्र सुधारताना ते आडवे पलटवले तर डाव्याचे उजवे होते. केळीचे पान असेल तर त्याचे टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे असावे लागते. म्हणून वरून टिपताना चौकटीची खालची कड नेहमी जेवणाऱ्याच्या बाजूची ठेवावी. छायाचित्रकाराने पाटावर बसलेल्या माणसाची जागा घ्यावी, वाढणाऱ्याची नव्हे.

ताट भरण्याचा क्रमही घड्याळाकडे पाहून ठरतो, आणि तो वाढण्याच्या नेहमीच्या क्रमापेक्षा वेगळा असू शकतो. मीठ, चटणी, लोणचे आधी वाढून ठेवता येते. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ अगदी शेवटी घालावे, कारण मीठ लागताच काकडी पाणी सोडते आणि ते पाणी ताटात ओघळते. पापड आणि भजी सर्वांत शेवटी तळावीत. पावसाळी हवेत पापड पाहता पाहता नरम पडतो. पुरीचा फुगा तर आतली वाफ निवेपर्यंतच टिकतो. मूद वाटीने पाडल्यावर गरम वरण, आणि तूप अगदी शेवटच्या क्षणी. निवलेल्या भातावर पडलेले तूप थिजून पांढरट होते, आणि मराठी माणसाला त्या एका ठिपक्यावरून कळते की हे ताट बराच वेळ कोणासाठी तरी खोळंबून राहिले होते.

वाफ चित्रात हवी, असा पुष्कळांचा हट्ट असतो. ती दिसण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात : मागे गडद पार्श्वभूमी, वाफेच्या मागून येणारा प्रकाश आणि थोडी गार हवा. डिसेंबरच्या सकाळी वरणभातावरची वाफ सहज टिपता येते. मेच्या दुपारी तोच भात तितकाच गरम असूनही वाफ डोळ्यांनाही दिसत नाही. अशा वेळी ती नाही म्हणून सोडून द्यावी.

(दृश्य : मिसळीचा वाडगा. मोड आलेली मटकी कटाखाली बुडते.)

जाहिरातींच्या जगात असे सोडून देण्याची पद्धत नाही. मलईच्या जागी दाढीचा फेस, थंड पेल्यावरच्या थेंबांच्या जागी ग्लिसरीन, या तेथल्या जुन्या युक्त्या आहेत. अमेरिकेत १९७० साली फेडरल ट्रेड कमिशनपुढे कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीचे प्रकरण आले होते. सूपमधले भाज्यांचे तुकडे तळाशी जाऊ नयेत म्हणून वाडग्यात काचेच्या गोट्या ठेवून चित्र घेतले होते, आणि ती पद्धत कंपनीला सोडावी लागली. मिसळीची अडचण नेमकी हीच आहे. मटकी कटात बुडते आणि वर दिसते ते फक्त लाल तेल. वाडग्यात उपडी वाटी ठेवली की मटकी वर येईल. पण तेवढ्याच वाडग्यात मटकी कमी मावेल आणि चित्रात मात्र जास्त दिसेल. त्यापेक्षा मटकी जरा घट्ट ठेवून तिचा ढीग मधोमध करावा, कट वरून न ओतता कडेने सोडावा आणि फरसाण, कांदा, कोथिंबीर मागाहून घालावी. वाडगा खोल न घेता पसरट घेतला तर निम्मी अडचण तिथेच मिटते.

घरच्या आठवणींसाठी काढलेल्या चित्रात उपडी वाटी ठेवली तर कोणाचे काही बिघडत नाही. पण आज कित्येक घरांतून दिवाळीचा फराळ, पुरणपोळ्या, डबे यांची मागणी व्हॉट्सॲपवरच्या चित्रावरून नोंदवली जाते, आणि तेव्हा ते चित्र जाहिरात होते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचा विचार केलेला आहे. कायद्याचे राहू द्या, गिऱ्हाईक बहुधा शेजारच्याच इमारतीतले असते. चकलीचे काटे बाजूच्या प्रकाशात खुलवावेत, करंजीची मुरड नीट दिसू द्यावी, पण चित्रात पेटीत जितक्या करंज्या तितक्याच, आणि लाडवाशेजारी एखादी नेहमीची वाटी, म्हणजे त्याचा आकार पाहणाऱ्याला कळतो.

(दृश्य : पुन्हा पूर्वेची खिडकी. ऊन ओट्यावरून सरकत कडेला आले आहे.)

साडेनऊ झाले. पोहे भिजले, फोडणी झाली, झाकण उघडले. रुमाल उचलला गेला, बशी भरली, खोबरे आणि कोथिंबीर वरून पडली, लिंबाची फोड ठरल्या जागी बसली. सात चित्रे घेतली. पाचव्यात उजेड बरोबर होता, पण चमचा तिरका झाला होता, सहावे जमले. माझी आजी दारात उभी राहून विचारत असे, ‘‘झालं का? की पोह्यांनाच विचारू?’’ आज दारात घरातला धाकटा मुलगा उभा आहे, शाळेच्या गणवेशात, चमचा हातात घेऊन. कढईत पोहे अजून गरम आहेत, पण त्याला बशीतलेच हवे आहेत.