पायवाटेवरची चाकं : कामिनो प्रिमितिवो

(दृश्य : पाणंदीतलं साचलेलं पाणी. कॅमेरा जमिनीलगत. एक चाक येतं, थांबतं. समोरून काठीचा आवाज.)

दोन्ही बाजूंना छातीइतके उंच दगडी बांध. बांधांवर शेवाळ, नेचे, वर चेस्टनटच्या फांद्यांचं छत. मधली वाट इतकी अरुंद, की दोन्ही हात पसरले तर बांधाला टेकतील. आपल्याकडे हिला पाणंद म्हटलं असतं. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गालिसियात कोरेदोइरा म्हणतात. बैलगाड्या गेल्या, गुरं गेली, हजारावर वर्षं यात्रेकरू जात राहिले. वाट झिजत खाली गेली आणि शेतं वरच राहिली.

समोरून यात्रेकरू आला, म्हणून सायकल थांबली आहे. स्वार एक पाय टेकून बांधाला चिकटून उभा आहे. हे दृश्य या फिल्ममध्ये पुन्हा पुन्हा येईल.

(दृश्य : ओव्हिएदो. कॅथेड्रलसमोरचा चौक, सकाळ.)

वाटेचं नाव कामिनो प्रिमितिवो. प्रिमितिवो म्हणजे मूळची, पहिली. येशूच्या बारा प्रेषितांपैकी याकोब, स्पॅनिशमध्ये सांतियागो, याची समाधी सापडल्याची बातमी नवव्या शतकात ओव्हिएदोला, गालिसियाच्या शेजारच्या अस्तुरियस प्रांतात, पोचली. तेव्हा इथला राजा दुसरा आल्फोन्सो स्वतः दर्शनाला निघाला, अशी परंपरा आहे. त्याच्या राजधानीपासून सांतियागो दे कॉम्पोस्तेलापर्यंतचं अंतर सुमारे ३१० किलोमीटर. फ्रान्सकडून येणारी मोठी, गर्दीची वाट १९९३ साली जागतिक वारसा यादीत आली. ही डोंगरातली वाट उत्तरेकडच्या इतर वाटांबरोबर २०१५ साली आली.

ओव्हिएदोचं कॅथेड्रल साल्वादोरचं, म्हणजे तारणहाराचं. इथली जुनी म्हण सांगते : जो सांतियागोला जातो आणि साल्वादोरला जात नाही, तो चाकराला भेटतो आणि धन्याला विसरतो. म्हणून यात्रेकरूच्या वहीतला पहिला शिक्का इथे घ्यायचा. सायकलने पूर्ण केलेल्या यात्रेचं प्रमाणपत्र हवं असेल, तर किमान शेवटचे २०० किलोमीटर सायकलवर आणि त्या टप्प्यात रोज दोन शिक्के, अशी अट आहे. पायी जाणाऱ्याला १०० किलोमीटर पुरतात. गालिसियाच्या हद्दीवरून निघालेल्या सायकलस्वाराचे २०० भरत नाहीत, हे निघण्याआधीच बघून ठेवलेलं बरं.

(दृश्य : सायकल जवळून. टायर, ब्रेक, बॅगा.)

आता सायकल. हार्डटेल, म्हणजे पुढे धक्के शोषणारा फोर्क आहे, पण मागे शॉक नाही. फोर्क १२० मिलिमीटर दबणारा. मागे शॉक नसला की चिखलात बिघडणारे सांधे कमी होतात आणि फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात सामानाला जागा मिळते. चाकं २९ इंची, टायर २.४ इंच रुंद, ट्यूबलेस. प्रत्येक टायरमध्ये १०० ते १२० मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव.

हवेचं गणित नीट समजून घ्यावं. स्वार ७५ किलोचा आणि सामान आठ किलोचं धरलं, तर पुढे २१ आणि मागे २४ पीएसआय. शहरातल्या सवयीने ३५ भरली, तर ओल्या मुळावरून टायर साबणासारखा निसटतो. १६-१७ वर आणली, तर दगडाच्या कडेवर रिम आपटते आणि टायर चिमटून फाटतो.

सीलंट का, ते या झुडपाकडे बघून कळेल. पिवळी फुलं, खाली सुईसारखे काटे. गालिसियन भाषेत याला तोशो म्हणतात. वाट साफ करताना झुडपं छाटली जातात आणि काटे वाटेवरच पडून राहतात. काटा उपटला, की ते भोक खाली येईल असं चाक फिरवायचं आणि अर्धा मिनिट थांबायचं. सीलंट तिथे जमतं आणि भोक बुजतं. साधी ट्यूब घेऊन आलेला माणूस दिवसभर पंक्चरच काढत बसतो.

गिअर : पुढे पेडलपाशी ३० दातांची एकच चेनरिंग, मागे १० ते ५१ दातांची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच. सामान लादून हे चढ चढायला यापेक्षा जड गिअर गुडघ्यांवर येतो.

ब्रेक पॅड धातूचे, म्हणजे सिंटर्ड. रेझिनचे पॅड आवाज कमी करतात, पण पावसाळी, वाळूमिश्रित चिखलात फार लवकर झिजतात. मात्र आधी रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, बघा. त्यावर ‘फक्त रेझिन’ असं कोरलेलं असेल, तर धातूचे पॅड त्याला खातात. पॅडचं अस्तर अर्धा मिलिमीटर उरलं की बदलायचंच, आणि एक जोड सोबत ठेवायचा. त्याच पिशवीत डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा. तो ज्या त्या फ्रेमचा वेगळा असतो, डोंगरातल्या गावात मिळत नाही. चेनची एक क्विक लिंक, टायरचे प्लग, एक ट्यूब.

कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या मोठ्या बॅगा या वाटेवर नकोत. पाणंदीत त्या बांधाला घासतात, दगड निखळतात. सामान हँडलवर, फ्रेममध्ये आणि सीटखाली, सगळं सायकलच्या रेषेत.

आणि घंटी. खणखणीत वाजणारी, पितळेची.

(दृश्य : ग्रादो, सालास. जंगलातली चढण. मग तिनेओच्या पुढचा चिखल.)

ग्रादो, सालास, तिनेओ. पहिले दोन दिवस चेस्टनट आणि ओकच्या रानातून, ओढ्यांच्या कडेने. अधूनमधून लाकडी धान्यकोठारं दिसतात. दगडी खांबांवर उभी, आणि खांबाच्या डोक्यावर चपटी शिळा, उंदरांना वर चढता येऊ नये म्हणून. यांना ओरेओ म्हणतात.

१२२२ साली राजा नववा आल्फोन्सो याने हुकूम काढला, की यात्रेकरूंनी तिनेओ आणि ओबोनाच्या मठावरूनच जावं. त्या मठाकडे जाणारी वाट आजही चिखलाची आहे. इथे चूक हमखास होते : स्वार चिखल टाळायला कडेच्या गवतावरून जातो. पुढच्या माणसाला गवताचाही चिखल झालेला दिसतो, तो आणखी बाहेरून जातो. दोन हातांची वाट सहा हातांची होते. चिखल आला की सरळ मधून जायचं, सीटवर मागे सरकून, हलक्या गिअरमध्ये, हँडल न वळवता. जमत नसेल तर उतरायचं आणि तरीही मधूनच चालायचं. बूट धुता येतात.

गुरांची फाटकं जशी होती तशी लावायची. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद.

(दृश्य : पहाट. बोरेस. ढग खाली, धार वर.)

बोरेसच्या पुढे वाट फुटते. डावीकडची पोला दे आयांदे गावातून जाते. उजवीकडची धारेवर चढते, तिचं नाव ओस्पितालेस. ओस्पिताल म्हणजे इथे धर्मशाळा. मध्ययुगात या धारेवर यात्रेकरूंसाठी धर्मशाळा होत्या : पारादिएया, फोनफाराओन, वालपाराइसो. आता उरल्यात त्या भिंतींच्या या रेषा. वर गवत आहे आणि गवतात घोडे आहेत.

(काही क्षण निवेदन नाही. वारा. घोड्यांच्या गळ्यातल्या घंटा.)

चढ सुमारे ६०० मीटरचा, धार १२०० मीटरच्या आसपास. झाडं खालीच राहतात. बोरेस ते बेर्दुसेदो ही जवळपास २५ किलोमीटर वाट. मधल्या धारेवर गाव नाही, दुकान नाही, भरवशाचं पाणी नाही. माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यायचं. चढाचा बराच भाग सायकल ढकलावी लागते. ढकलताना सायकल नेहमी उताराच्या बाजूला ठेवावी. पाय घसरला तर ती खाली जाते, अंगावर येत नाही.

धुकं असेल तर वर जाऊच नये. धारेवर खुणेचे खांब आहेत, पण दाट धुक्यात एका खांबापासून दुसरा दिसत नाही, आणि गुरांच्या वाटा मूळ वाटेइतक्याच मळलेल्या आहेत. अशा दिवशी पोला दे आयांदेची वाट घ्यायची. दोन्ही वाटा प्वेर्तो देल पालो या खिंडीत, ११४६ मीटरवर, पुन्हा एकत्र येतात.

हा मास्तिन, कळपाची राखण करणारा कुत्रा. सायकल वेगाने आली की त्याला ती कळपावर चालून आल्यासारखी वाटते. उतरायचं, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मधे धरायची, हळू चालत कळपाला वळसा घालायचा. पाठ दाखवून पळायचं नाही.

(दृश्य : खिंडीतून उतार. मोन्तेफुरादोची दगडी घरं.)

खिंडीखाली मोन्तेफुरादो. नावाचा अर्थ भोक पाडलेला डोंगर. रोमन लोकांनी या भागात सोन्यासाठी डोंगर फोडले होते.

बेर्दुसेदो, ला मेसा, आणि बुस्पोलच्या वाडीपाशी एक बुटकं, पाटीच्या दगडाने शाकारलेलं प्रार्थनाघर. त्याच्या मागे दरी उघडते. तळाशी निळी पट्टी दिसते ते नाविया नदीवरच्या सालिमे धरणाचं पाणी. धरण १९५० च्या दशकात पुरं झालं आणि नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या.

इथून पाण्यापर्यंत सुमारे ८०० मीटर खाली उतरायचं. या संपूर्ण वाटेवरचा सगळ्यात मोठा उतार, आणि सायकली बिघडतात त्या इथेच.

(दृश्य : उतार, हेल्मेटवरचा कॅमेरा. मग रोटर अगदी जवळून.)

ब्रेक सलग दाबून धरला की रोटर तापतो, उष्णता कॅलिपरमधून, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागातून, ब्रेकच्या तेलात जाते. तेलात शिरलेला ओलावा उकळतो, त्याची वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून लीव्हर हँडलला टेकतो आणि ब्रेक लागतच नाही. उपाय साधा आहे : वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, थोडा वेळ, आणि मग पूर्ण सोडायचे. दर दीडदोनशे मीटर उतरल्यावर थांबायचं. रोटरला बोट लावू नका. पाणी ओतू नका, तापलेला रोटर वाकडा होतो.

आता हे बघा. मागचं चाक लॉक झालं आहे. फिरत नाही, नुसतं घसरत चाललंय. वरचा पालापाचोळा बाजूला फेकला गेला, खालची माती उघडी पडली, आणि मधे ही चार बोटं रुंद खाच. घसरणारं चाक फिरणाऱ्या चाकापेक्षा उशिरा थांबतं, म्हणजे यात स्वाराचाही फायदा काही नाही. भार पुढच्या ब्रेकवर जास्त हवा, मागचा हलका. कंबर मागे, टाचा खाली, नजर चाकाच्या पुढे आठ-दहा मीटर. मागचं चाक सरकायला लागलं असं जाणवलं, की तो लीव्हर तेवढ्यापुरता सैल सोडायचा. हे शिकायला एक दुपार लागते आणि ती दुपार या वाटेवर येण्याआधी, घराजवळच्या टेकडीवर घालवायची.

पहिल्या मोठ्या पावसात त्या खाचेतून पाणी धावतं आणि वाटेची घळ होते.

वाटेत हे आडवे बसवलेले दगड दिसतात. पाणी बाजूला काढण्यासाठी ते तिरके लावलेले असतात. त्यांना वळसा घातला की दगडाची कड उघडी पडते, आणि पाणी तिकडून वाट काढतं. पुढचं चाक किंचित उचलून सरळ वरून जायचं.

आणि वळणापलीकडे माणूस असू शकतो. पाठीवर पिशवी, गुडघे दुखरे, कानात वारा. त्याला चाकाचा आवाज येत नाही. पंचवीस-तीस मीटर आधी एकदा घंटी, वेग चालण्याइतका, आणि ‘बुएन कामिनो’, म्हणजे शुभ यात्रा. वाट अरुंद असेल तर उतरून थांबायचं. दिंडीला वाट द्यायची असते हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इथेही तेच. सार्वजनिक यात्री निवासांतही पायी आलेल्यांना आधी जागा मिळते, सायकलवाल्यांना नंतर, आणि हा क्रम योग्य आहे.

(दृश्य : पवनचक्क्या. आसेबो खिंड. दोन खुणेचे दगड.)

ग्रांदास दे सालिमेच्या पुढे आसेबोची खिंड. अस्तुरियस संपतं, गालिसिया सुरू होतं, आणि खुणेच्या दगडांवरची, या यात्रेची ओळख असलेली शिंपल्याची खूण उलटते. अस्तुरियसमध्ये शिंपल्याच्या रेषा जिथे एकत्र येतात ते टोक दिशा दाखवतं. गालिसियात तसं मानलं तर उलटे जाल. हद्द ओलांडली की फक्त पिवळा बाण बघायचा. हे बाण १९८० च्या दशकात ओ सेब्रेइरोचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी फ्रान्सकडून येणाऱ्या वाटेवर रंगवायला सुरुवात केली. गालिसियाच्या खांबांवर उरलेले किलोमीटरही लिहिलेले असतात.

(दृश्य : फोनसाग्रादा, लुगोचा तट, मेलिदे. वेगात.)

फोनसाग्रादा. लुगो, तिसऱ्या शतकातला रोमन तट, दोन किलोमीटरहून थोडा मोठा घेर, आजही अखंड. मेलिदेला मोठी वाट येऊन मिळते आणि गर्दी सुरू होते. निलगिरीच्या सालीचे पट्टे ओल्या वाटेवर पडलेले असतात, त्यांवर ब्रेक लावायचा नाही. माणसं इतकी, की सकाळी अकरापर्यंत सायकल जवळच्या डांबरी रस्त्यावरून न्यावी आणि वाट चालणाऱ्यांना मोकळी ठेवावी. गावाबाहेरच्या रस्त्यांवर स्पेनमध्ये हेल्मेट सक्तीचं आहे.

(दृश्य : सांतियागो. दगडी गल्ली. कमानीखालच्या पायऱ्या.)

ओब्रादोइरो चौकात उतरणारी ही शेवटची कमान. खाली पायऱ्या आहेत. सायकल खांद्यावर.

(कमानीत गैता, म्हणजे इथलं मशकवाद्य, वाजवणारा. इथून पुढे निवेदन नाही.)