वादळ उठलं की उड्डाणपुलाखाली थांबू नका

नमस्कार! आपल्या नागपुरात वर्धा रोडवर दोन थेंब पडले की दुचाक्या उड्डाणपुलाखाली गोळा होतात. नुसत्या पावसापुरतं ठीक आहे. पण आभाळ काळंकुट्ट होऊन वावधन उठलं असेल, तर तिथे थांबू नका. जवळच्या पक्क्या इमारतीत शिरा, दुकान असो की बँक.

३ मे १९९९ ला अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा गरगरता वारा, आला, तेव्हा हायवेवरची माणसं अशीच पुलांखाली शिरली. त्यातल्या तिघांचा जीव गेला. पुलाखालच्या चिंचोळ्या जागेत वारा आणखी जोर धरतो, सोबत पत्रे, लाकडं, काचा घेऊन येतो. टोर्नेडोत माणसं दगावतात ती मुख्यतः अशा उडत्या वस्तूंमुळे.

तुम्ही म्हणाल, नागपुरात कुठला आलाय टोर्नेडो? मैदानात भर उन्हात धूळ गरगरते ती वावटळ. ती तापलेल्या जमिनीवरून उठते आणि विरते. टोर्नेडो गडगडाटी ढगातून खाली उतरतो. आपल्या देशात तो क्वचितच येतो, पण ३१ मार्च २०२४ ला पश्चिम बंगालमध्ये मैनागुडीला आला आणि माणसं गेली. शेजारच्या बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ च्या टोर्नेडोने सुमारे १३०० बळी घेतले. आणि आपलं अवकाळी वादळ? त्याचा वारा गरगर फिरत नसेल, पण टिनाचं छप्पर तोही उचलतो.

(कॅमेऱ्याजवळ येत) आता घरातलं बघा. मे महिन्यात आपल्या खिडकीत कूलर असतो. म्हणजे भिंतीतली सगळ्यात कच्ची जागा तीच. वादळात त्या खोलीत मुलांना ठेवू नका. तळमजल्यावर, घराच्या मध्यभागी, खिडकी नसलेली लहान जागा धरा: न्हाणीघर, जिन्याखालचा कोपरा. खाली बसा, डोकं झाका. हेल्मेट प्रत्येक घरात आहे, ते घाला! हवेचा दाब सुटावा म्हणून खिडक्या उघडा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याने वारा घरात घुसतो, बाकी काही होत नाही.

टिनाच्या घरात राहत असाल तर आभाळ भरतानाच शेजारच्या स्लॅबच्या घरात जा. आणि छपरावर ठेवलेल्या विटा-दगड आजच उतरवा, पत्रे हुकाच्या बोल्टने आवळून घ्या. वाऱ्यात पत्र्याआधी ते दगड खाली येतात.

पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र देतं. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी फोनमध्ये 'दामिनी' ॲप ठेवा. वादळ ओसरल्यावर तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, महावितरणला कळवा.