मामांची मांड्यांची गाडी

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागात तयार गाडी न घेता नुसती चासी, म्हणजे इंजिन आणि चाके असलेली पण बॉडी नसलेली उघडी गाडी, विकत घ्यायची आणि तिच्यावर आपल्या धंद्याला हवी तशी बॉडी बांधून घ्यायची, ही रीत जुनी आहे. कोणाला उसाची ट्रॉली हवी असते, कोणाला दुधाच्या कॅनसाठी फळ्या, कोणाला रसवंती, तर कोणाला मंडपाचे बांबू मावतील असा लांब हौदा. अशा गाडीचे पैसे काम सुरू होण्याआधीच सगळेच्या सगळे मोजून देण्यात कोणता धोका असतो, याविषयी मी आज बोलणार आहे. मी आयुष्यभर बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसलो, त्यामुळे हा विषय मला कागदावर पाठ होता. परंतु तो खरा कळला तो माझ्या धाकट्या मामांमुळे, आणि म्हणून त्यांचीच हकीकत आधी सांगतो.

आमचे मामा लग्नाकार्यातले आचारी. त्यांची ख्याती मांड्यांसाठी. बेळगावच्या लग्नात पंगतीला मांडा नसेल तर व्याही मंडळींच्या भुवया उंचावतात, निदान उंचावत असत. अलीकडे त्याच पंगतीत पनीर आणि नूडल्स यांनी ठाण मांडलेले पाहून मला वाईट वाटते, पण तो आजचा विषय नव्हे. मांडा उलट्या खापरावर भाजतात, तो कागदासारखा पातळ असतो, आणि घडी घालून गार झाला की इतका ठिसूळ होतो की खड्ड्यातून गाडी एकदा आदळली तरी पाटीतल्या निम्म्या मांड्यांचा भुगा होतो. तेव्हा मामांनी ठरवले की आपली स्वतःची गाडी असावी, तिच्यात मांड्यांच्या पाट्यांसाठी गादी लावलेल्या फळ्या असाव्यात, पाठीमागे दोन मोठ्या शेगड्या, पाण्याची टाकी आणि पातेल्यांसाठी कप्पे असावेत. त्यांनी बेळगावातून छोट्या टेम्पोची नवी चासी कर्जावर घेतली आणि बॉडी बांधण्यासाठी ती सीमेपलीकडच्या कोल्हापूर भागातील एका कारखान्यात नेऊन लावली. त्या कारखान्याचे नाव मी घेणार नाही.

कारखानदाराने दोन लाख ऐंशी हजार रुपये सांगितले आणि वर एक गोड गोष्ट सांगितली. सगळी रक्कम आधी रोख दिली तर वीस हजार कमी करू, कारण पत्र्याचा भाव चढणार आहे आणि आजच्या भावात माल भरून ठेवता येईल. मामांना ते पटले. त्यांनी दोन खेपांत मिळून दोन लाख साठ हजार रुपये दिले आणि एका वहीच्या कागदावर ‘मांडे गाडी, पूर्ण जमा’ असे लिहून घेतले. त्या कागदावर सही होती, पण कारखान्याचा शिक्का नव्हता, जीएसटी क्रमांक नव्हता, आणि गाडी कधी मिळणार ती तारीखही नव्हती. मी विचारले तेव्हा मामा म्हणाले, “माणूस देवभक्त आहे की. तारीख कशाला लिहून घ्यायची? बोलला तो चतुर्थीला देतो म्हणून.”

गणेशचतुर्थी आली. वेल्डर गणपतीला गावी गेले होते. त्यानंतर पितृपंधरवडा लागला, तेव्हा नव्या गाडीचे काम कसे धरायचे, असा प्रश्न कारखानदारानेच मामांना विचारला आणि मामांनी मान डोलावली. नवरात्रात मात्र मामांचा धीर सुटला, आणि खंडेनवमीच्या दिवशी ते मला घेऊन निपाणीवरून पुढे कोल्हापूरच्या वाटेला लागले. आम्ही शेडमध्ये शिरलो तर वेल्डिंगचे यंत्र, ड्रिल, घण, पाने, सगळी हत्यारे ओळीने मांडून त्यांना झेंडूची फुले वाहिली होती, आणि त्या ओळीच्या शेवटी आमची चासी उभी होती. तिलाही हळदकुंकू लागले होते, हार घातला होता आणि चाकाखाली लिंबू ठेवले होते. पाच महिन्यांत त्या चासीवर झालेले एकमेव काम म्हणजे ही पूजा.

शेडच्या दुसऱ्या टोकाला एक निळीशार, चकचकीत आइस्क्रीमची गाडी तयार होऊन उभी होती आणि तिचा मालक पेढे वाटत होता. आम्हालाही पेढा मिळाला. मामा त्या गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवत होते, तेवढ्यात शेडमधला एक कोवळा पोरगा भाबडेपणाने म्हणाला, “मामा, हा तुमच्याच पैशाचा पत्रा. तुमचे पैसे आले म्हणून तर ही गाडी पुरी झाली.” मामांच्या हातातला पेढा हातातच राहिला. आइस्क्रीमवाल्याचे पैसे त्याच्या आधीच्या ट्रॉलीत गेले होते, मामांचे पैसे आइस्क्रीमच्या गाडीत गेले होते, आणि मामांची गाडी पुरी व्हायची तर आणखी एक नवा गिऱ्हाईक पैसे घेऊन यायला हवा होता. तो आला नाही. दिवाळीनंतर शेडच्या मालकाने थकलेल्या भाड्यापायी शेडला कुलूप लावले, आणि चासी आत अडकली.

इथे मामांना एकाच गोष्टीने तारले. चासी त्यांनी स्वतः, स्वतःच्या नावावर घेतली होती. तिचे बिल, तात्पुरत्या नोंदणीचा कागद आणि विम्याची पॉलिसी मामींनी देवघराच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती. शेडच्या मालकाने कुलूप उघडले आणि विचारले, “ही तुमचीच कशावरून?” तेव्हा आम्ही रॉकेलच्या बोळ्याने चासीवरचा चिकटा पुसला, आणि मी बिलावरचा सतरा अक्षरांचा नंबर एकेक करून मोठ्याने वाचत गेलो व तो गृहस्थ बॅटरीच्या उजेडात बोट ठेवून पडताळत गेला. नंबर जुळला, चासी सुटली. मात्र शेडच्या कोपऱ्यात पडलेल्या पत्र्यांवर आणि अँगलवर कोणाचेच नाव नव्हते. त्यांतले मामांचे कोणते आणि दुसऱ्याचे कोणते हे सांगण्याची सोय नव्हती, आणि म्हणून त्यातला एक खिळासुद्धा मामांना मिळाला नाही. तात्पुरत्या नोंदणीची मुदत एव्हाना उलटली होती, त्यामुळे चासी रस्त्यावरून चालवत आणणे नियमात बसेना. शेवटी ती एका ट्रकवर चढवली. जी गाडी मांडे वाहून नेणार होती, ती स्वतःच दुसऱ्या गाडीवर बसून कोगनोळीचा नाका ओलांडून घरी आली. मामी ओवाळायला म्हणून दारात आल्या आणि म्हणाल्या, “नवरीची पाठवणी ऐकली होती, परत पाठवणी आजच बघितली.”

श्रोतेहो, हकीकत जरा लांबली, पण तिच्यात माझे निम्मे भाषण येऊन गेले. तो कारखानदार लबाड होता असे मला आजही वाटत नाही. तो एका गाडीने मागे पडलेला माणूस होता, आणि मागे पडलेला माणूस पुढच्या गिऱ्हाइकाच्या पैशाने मागचे काम उरकतो. ऊसतोडणीच्या टोळीला उचल देऊन मुकादमाची वाट पाहिलेल्या आपल्या शेतकऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तुम्ही दिलेला आगाऊ पैसा तुमच्याच गाडीला लागेल असे नाही. पुन्हा सांगतो, आगाऊ दिलेला पैसा तुमच्याच गाडीला लागेल असे नाही. कारखाना बुडाला तर बँकेकडे तारण असते, तुमच्याकडे वहीचा कागद असतो.

कायद्याच्या अंगाने पाहिले तरी हेच दिसते. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार जी वस्तू अजून बनवायची आहे तिची मालकी पैसे दिल्याबरोबर तुमच्याकडे येत नाही. ती वस्तू ताब्यात देण्याजोगी व्हावी लागते आणि अमुक वस्तू अमुक गिऱ्हाइकाची असे ठरावे लागते. याच कारणाने मामांची चासी त्यांची राहिली आणि पत्रा मात्र त्यांचा झाला नाही. यावरचा सोपा उपाय म्हणजे पत्रा, अँगल, प्लायवूड हा माल आपण स्वतः विकत घ्यावा, बिल आपल्या नावावर करून घ्यावे, आणि कारखानदाराला फक्त मजुरी द्यावी.

कारखानदाराची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. मांड्यांच्या गादीच्या फळ्या असलेली गाडी मामांनी नाकारली तर ती जगात दुसरे कोण घेणार? म्हणून विसार मागण्यात त्याचे काही चुकत नाही. विसार द्यावा, त्याची पक्की पावती घ्यावी, आणि उरलेली रक्कम काम डोळ्यांनी पाहून टप्प्याटप्प्याने द्यावी. सांगाडा उभा राहिला की एक हप्ता, पत्रा चढला की दुसरा, रंग आणि आतले काम झाले की तिसरा. प्रत्येक वेळी चासीच्या नंबरसकट फोटो काढून ठेवावा. शेवटचा हप्ता मात्र गाडीपेक्षा कागदांसाठी राखून ठेवावा, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांत नमुना २२-अ म्हणून एक प्रमाणपत्र आहे, त्याचा दुसरा भाग बॉडी बांधणाऱ्याने भरून द्यायचा असतो, आणि तो हाती नसेल तर चकचकीत रंगवलेली गाडीही नोंदणीसाठी आरटीओच्या आवारात अडून बसते.

करार लिहून घ्यावा आणि तो आपल्याला वाचता येणाऱ्या भाषेत असावा. आपल्याकडे कानडीत लिहिलेल्या स्टँपपेपरवर मराठी वाचणारा माणूस सही करतो आणि तिकडे इंग्रजीत लिहिलेल्यावर दोघेही न वाचता सह्या करतात. मला या दोन्ही गोष्टींचा सारखाच राग येतो. करारात गाडी देण्याची तारीख लिहावी, आणि ठरलेली मुदत पाळणे ही कराराची मुख्य अट आहे हेही शब्दांत लिहावे. तारीख नसेल तर कायदा ‘वाजवी मुदत’ धरतो, आणि वाजवी म्हणजे किती यावर वर्षभर वाद घालता येतो. पावतीवरचा जीएसटी क्रमांक पाहावा. त्याचे पहिले दोन आकडे कर्नाटकात २९ आणि महाराष्ट्रात २७ असतात, आणि तो क्रमांक चालू आहे की रद्द झाला आहे हे जीएसटीच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येते.

रोखीविषयी एक. २०१७ पासून आयकर कायद्याने एकाच व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला मनाई केली आहे, आणि रक्कम दोन खेपांत दिली म्हणून व्यवहार दोन होत नाहीत. दंड घेणाऱ्याला होतो, हे खरे. पण ज्याने रोख घेतल्याचे कबूल केले तर स्वतःच दंडाला पात्र ठरतो, तो कबूल कशाला करील? पैसे बँकेतूनच द्यावेत.

आणि आपल्या सीमाभागातल्या माणसाला विशेष उपयोगी अशी एक गोष्ट आहे. कारखाना महाराष्ट्रात असला म्हणून तक्रारीसाठी तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे कारखाना कोल्हापूरला, तरी तक्रार बेळगावात. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग चालतो, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते. गाडी धंद्याची असली तरी ती स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतली असेल, तर तुम्ही ग्राहकच ठरता. पुन्हा सांगतो, तक्रार बेळगावात करता येते, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

मामांनी तक्रार केली नाही. एका ओळखीच्या गृहस्थाने मध्ये पडून साठ हजार परत मिळवून दिले, उरलेल्यावर त्यांनी पाणी सोडले. चासीच्या कर्जाचे हप्ते मात्र त्या पाच महिन्यांतही चालूच होते. पुढे बॉडी बेळगावातच, उद्यमबागेजवळच्या एका मिस्त्रीकडून बांधून घेतली. पत्रा मामांनी स्वतः आणला, हप्ते चार केले, आणि मामी दर गुरुवारी डबा देण्याच्या निमित्ताने जाऊन काम बघून येत. गाडी माघात तयार झाली, नोंदणीही झाली. शेवटचे पंधरा हजार मात्र मामांनी मागे ठेवले होते. मिस्त्रीने विचारले तेव्हा ते म्हणाले, “मृगाचा पाऊस पडू दे, फळ्यांवर थेंब आला नाही तर त्याच संध्याकाळी आणून देतो.” मृगाच्या दुसऱ्या दिवशी खानापूरच्या बाजूने पाऊस आला, मागच्या खिडकीतून थेंबभर पाणी आत झिरपले, मिस्त्रीने नवे रबर बसवले, आणि मामा पंधरा हजार रुपये व सहा मांडे घेऊन त्याच्या घरी गेले. नमस्कार.