खांदेरी: तोफांच्या माऱ्यात बांधलेला किल्ला

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून होडी सुटली की समोर दोन बेटं दिसू लागतात. जवळची बुटकी, सपाट, ती उंदेरी. तिच्या पलीकडे दोन टेकड्यांची खांदेरी. उत्तरेला मुंबई. बंदराकडे निघालेलं जहाज इथून नजरेच्या टप्प्यात येतं.

म्हणूनच शिवाजी महाराजांना हे बेट हवं होतं. १६७२ मध्ये काम सुरू करायचा प्रयत्न झाला, पण इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही आडवे आले. महाराजांनी सात वर्षं वाट पाहिली. मग ऑगस्ट १६७९ मध्ये, ऐन पावसाळ्यात, महाराजांच्या आरमाराचे सरदार मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरले.

मुंबईकर इंग्रजांनी बेट सोडायला बजावलं. मायनाक हलले नाहीत. सप्टेंबरात लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि तिथेच पडला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचं मराठी आरमार चालून आलं. इंग्रजांचं 'डव्ह' जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. 'रिव्हेंज' मात्र एकटं झुंजलं आणि शेवटी मराठी गलबतांनाच नागोठण्याच्या खाडीकडे माघार घ्यावी लागली.

त्या दिवसाची लढाई आपण जिंकलो नव्हतो, हे सांगायलाच हवं. बेट राखलं ते रात्रींनी. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्याच्या भरवशावर. आपल्या होड्या वल्ह्यांवर चालणाऱ्या, उथळ पाण्यातून सहज निसटणाऱ्या. अंधार पडला की वेढ्यातून वाट काढत त्या बेटावर रसद पोचवत. वरून तोफा डागल्या जात होत्या आणि खाली तट चढत होता.

जानेवारी १६८० मध्ये सिद्दीनं शेजारची उंदेरी बळकावली, आणि ही दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली. इंग्रजांनी मात्र त्याच सुमारास नाद सोडला. पुढे १७१८ मध्ये, मराठी आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्र्यांच्या काळात, इंग्रजांनी खांदेरीवर पुन्हा चढाई केली. तेव्हाही हात हलवत परतले.

आज दक्षिणेच्या टेकडीवर १८६७ चं दीपगृह आहे. चाकांच्या लोखंडी गाड्यांवरच्या तोफा अजून जागेवर आहेत. एक मोठा खडक आहे, त्यावर दगड आपटला की भांड्यासारखा खणखणतो; आलेला प्रत्येक जण तो वाजवून बघतो. आणि वेताळाचं देऊळ. समुद्रावर जाणारे कोळी बांधव इथे नारळ ठेवतात.

परतताना जरा तटाच्या पायथ्याकडे पाहा. बाहेर सुट्या दगडांची रास आहे, शत्रूची होडी भिंतीला भिडू नये म्हणून टाकलेली. त्या दगडांवर आता धारदार कालवं चढली आहेत. अनवाणी पाय आजही तिथे ठरत नाही.